लाइक गल्ल्यात पडत नाहीत: रीलपासून ऑर्डरपर्यंतचा हिशोब कसा ठेवायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी सगळे रिपोर्ट स्क्रीनवर उघडून दाखवलेत. पण आकडे बघताना व्हिडिओ सारखा थांबवावा लागतो, म्हणून तोच विषय इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसलात तर जास्त उपयोग होईल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमचं सांगलीत मसाल्यांचं दुकान आहे. मार्च ते मे हा आमचा हंगाम, कारण वर्षाचा कांदा-लसूण मसाला लोक याच दिवसांत करून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला मी मिरची कांडपाचं एक रील टाकलं. लालभडक मिरची, मशीनचा आवाज, मागून आईचं "अजून बारीक होऊ दे." रील सुटलं! आठ दिवसांत दोन लाखांवर व्ह्यूज. मग मी पाच हजार घालून ते बूस्टही केलं. आणि त्यानंतर जे केलं ते कुठल्याच दुकानदाराने करू नये. त्या व्ह्यूजच्या भरवशावर दीड क्विंटल ब्याडगी जास्तीची उचलली, त्यातली निम्मी उधारीवर.

वडिलांनी तेव्हाच विचारलं होतं, "दोन लाख माणसांनी बघितलं म्हणतोस, त्यातली विचारायला किती आली?" मला सांगता आलं नाही. कारण मी ते मोजतच नव्हतो. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा जास्तीच्या मिरचीतली निम्म्याहून अधिक पोती तशीच पडून होती. पावसाळी हवेत मिरची ओल धरते, रंग उतरतो. शेवटी खरेदीपेक्षा कमी भावात काढली आणि उधारी दिवाळीपर्यंत फेडत बसलो.

यात इन्स्टाग्रामची काही चूक नव्हती. त्याने मला खराच आकडा दाखवला होता. मी तो चुकीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून वापरला. "किती जणांनी बघितलं" आणि "किती माल भरू" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजचा सगळा लेख या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतराबद्दल आहे.

पाच पायऱ्या

बीबीएला असताना याला फनेल म्हणायला शिकलो होतो. आपण साधं पायऱ्या म्हणू. गिऱ्हाईक पाच पायऱ्या चढतं:

१. त्याला तुमची पोस्ट दिसते.
२. तो लिंक दाबून आत येतो, किंवा तुमचं नाव गुगलवर शोधतो.
३. तो काहीतरी विचारतो. फोन, मेसेज किंवा थेट दुकानात.
४. तो पैसे देतो.
५. तो परत येतो.

व्ह्यूज, रीच, लाइक हे सगळे पहिल्या पायरीचे आकडे. भाडं, पगार आणि मालाचे पैसे निघतात चौथ्या आणि पाचव्या पायरीवर. अडचण अशी की पहिल्या पायरीचा आकडा मोबाइलवर आपोआप दिसतो, मोठा असतो आणि बघून बरं वाटतं. चौथ्या-पाचव्याचा आकडा आपल्याला खटपट करून काढावा लागतो. म्हणून बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

मी हंगाम संपल्यावर अकाउंटच्या इनसाइट्समध्ये जाऊन शहरं बघितली. माझा माल जिथे मी कधी पाठवतच नाही अशी शहरं वर होती. फॉलोअर नसलेल्यांचा भाग प्रचंड होता. म्हणजे लोकांना कांडप बघायला आवडलं होतं. मसाला हवा होता असं नाही! हे बघायला मला दोन मिनिटं लागली असती, मिरची उचलण्याआधी.

लिंकला आडनाव लावा

आता कामाचं. समजा तुमची छोटीशी वेबसाइट आहे. तिची लिंक तुम्ही इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये देता, व्हॉट्सॲप स्टेटसला टाकता, फेसबुक पेजवर देता, पाकिटावर क्यूआर छापता. चारही ठिकाणी एकच लिंक दिलीत तर आलेला माणूस कुठल्या दारातून आला हे कळायला मार्ग उरत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली बरीच मंडळी तर गुगल ॲनालिटिक्समध्ये "डायरेक्ट" या खात्यात जमा होतात, म्हणजे कुठून आले ते माहीत नाही. नवीन दुकानदाराला वाटतं, वा, लोक थेट आपलं नाव टाइप करून येतायत. तसं नसतं.

यावर उपाय म्हणजे यूटीएम. नाव अवघड आहे, काम सोपं. अर्चिन नावाची एक कंपनी होती, तिला गुगलने २००५ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी गुगल ॲनालिटिक्स सुरू झालं. यूटीएममधला "यू" त्या अर्चिनचा आहे. आपल्यापुरतं एवढंच लक्षात ठेवा की मूळ लिंकच्या शेवटी तीन गोष्टी जोडायच्या:

सोर्स: माणूस कुठून आला. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, पाकीट.
मीडियम: कशा प्रकारे आला. बायो, स्टेटस, जाहिरात, क्यूआर.
कॅम्पेन: कुठल्या मोहिमेसाठी. उदाहरणार्थ उन्हाळी मसाला.

गुगलचं "कॅम्पेन यूआरएल बिल्डर" नावाचं फुकट पान आहे. तिथे रकाने भरले की लिंक तयार मिळते. चार पथ्यं मात्र पाळा.

पहिलं, सगळं इंग्रजी छोट्या लिपीतच लिहा. एकदा मोठ्या अक्षराने आणि एकदा छोट्या अक्षराने लिहिलंत तर ॲनालिटिक्स त्यांना दोन वेगळी गावं समजतं.

दुसरं, कुठल्या जागेसाठी कुठले शब्द वापरले ते एका कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

तिसरं, तुमच्या वेबसाइटच्या आतल्या बटणांना हे शेपूट कधीही लावू नका. लावलंत तर मूळचा सोर्स पुसला जातो आणि गिऱ्हाईक जणू तुमच्याच घरातून आलं असं दिसतं.

चौथं, क्यूआर किंवा स्टेटस असे मनाचे शब्द मीडियममध्ये वापरले तर ते चॅनेलच्या यादीत "अनअसाइन्ड" म्हणून दिसतात. घाबरू नका. तिथे "सोर्स / मीडियम" ही यादी निवडा, सगळं नीट वेगळं दिसेल.

ॲनालिटिक्समध्ये तीनच गोष्टी बघा

गुगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली, आता जीए-४ आहे. उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं, खरं आहे. पण आपल्यासारख्या दुकानाला त्यातलं नव्वद टक्के लागत नाही. आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर, फक्त हे बघा:

एक, "ट्रॅफिक ॲक्विझिशन". कुठल्या दारातून किती आले आणि त्यातले किती टिकले. इथे "एंगेज्ड सेशन" असा शब्द दिसेल. म्हणजे जो दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा ज्याने दोन तरी पानं बघितली, किंवा ज्याने तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती केली. हजार आले आणि पन्नासच टिकले, तर पोस्ट आणि पान यांचं काहीतरी जुळत नाहीये. रीलमध्ये कांदा-लसूण मसाला दाखवता आणि लिंक उघडल्यावर लोणचं दिसतं, असं काहीसं.

दोन, "लँडिंग पेज". लोक कुठल्या पानावर उतरतात. आमच्याकडे मुखपृष्ठापेक्षा "एक किलो मसाल्याला मिरची किती लागते" या साध्या पानावर जास्त लोक उतरतात, तेही गुगलवरून शोधून. ते पान मी कंटाळत लिहिलं होतं. आज ऑर्डर देणारी माणसं तिथूनच येतात, कारण तो प्रश्न ज्याला मसाला हवाय तोच विचारतो.

तीन, "की इव्हेंट". तुमच्यासाठी महत्त्वाची कृती कुठली ते तुम्हीच ठरवायचं. आपल्यापैकी बहुतेकांची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, तेव्हा वेबसाइटवरच्या व्हॉट्सॲप बटणावरचा क्लिक हाच आपला की इव्हेंट. तो कसा लावायचा ते व्हिडिओत टप्प्याटप्प्याने दाखवलंय.

आणि दोन सेटिंग आजच बदला. डेटा रिटेन्शन सुरुवातीला दोन महिन्यांवर असतं, ते चौदा महिन्यांवर न्या. नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये या एप्रिलचा बारकाईचा डेटा तपासायला मिळणार नाही, आणि हंगामी धंद्यात एप्रिलची तुलना एप्रिलशीच करायची असते, जूनशी नाही. दुसरं, तुमच्या स्वतःच्या, घरच्यांच्या आणि दुकानातल्या पोरांच्या भेटी वगळायचा फिल्टर लावा. सुरुवातीला माझे निम्मे "व्हिजिटर" मीच होतो!

एक सावधगिरी. ॲनालिटिक्समधलं शहर हा अंदाज असतो, इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला. मोबाइलवर बघणारा तासगावचा माणूस तिथे पुण्याचा किंवा मुंबईचा दिसू शकतो. "पुण्यात आपलं नाव झालं" म्हणून तिकडे जाहिरातीवर पैसे ओतण्याआधी आलेल्या ऑर्डरचे पिनकोड बघा. पिनकोड खोटं बोलत नाही.

वेबसाइटच नसेल तर?

तरी चालतं. तीन गोष्टी फुकट आहेत.

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे पूर्वीचं गुगल माय बिझनेस. त्याच्या "परफॉर्मन्स"मध्ये किती जणांनी तिथून फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला आणि कुठले शब्द शोधून ते तुमच्यापर्यंत पोचले हे दिसतं. रस्ता विचारणारा माणूस हा दोन लाख व्ह्यूजपेक्षा जवळचा. तो चप्पल घालून निघालाय!

व्हॉट्सॲपची लिंक. तुमच्या नंबरच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज ठेवता येतो. मग जागेनुसार मेसेज बदला. बायोमधल्या लिंकला "नमस्कार, इन्स्टावर बघून विचारतोय", पाकिटावरच्या क्यूआरला "नमस्कार, पुन्हा मसाला हवा आहे". गिऱ्हाइकाने फक्त पाठवा दाबायचं. कुठून आलं ते पहिल्याच ओळीत कळतं. ॲनालिटिक्स म्हणून आणखी काय हवं?

व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलं. नवीन चौकशी, पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण अशी लेबलं लावत जा. महिन्याच्या शेवटी मोजा. चौकशीतून ऑर्डर किती झाल्या हे दुसरं कुठलंही ॲप तुम्हाला इतकं नीट सांगणार नाही.

आता हिशोब

समजा तुम्ही पाच हजारांची जाहिरात केली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. नियमित जीएसटी भरत असाल तर कराचं क्रेडिट मिळू शकतं, पण कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर खर्च पूर्ण ५,९००च धरायचा.

त्यातून ५०० क्लिक आले. ६० जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं. १२ जणांनी ऑर्डर दिली. सरासरी ऑर्डर ९०० रुपयांची.

जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये काय दिसेल? पाच हजार खर्च, १०,८०० विक्री. रुपयाला दोन रुपये सोळा पैसे. छान वाटतं ना? आता दुकानदाराच्या चष्म्यातून बघा. माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता तुमच्या हातात ९०० मधले ३० टक्के उरतात, म्हणजे २७० रुपये. बारा ऑर्डरचे झाले ३,२४०. खर्च ५,९००. पदरचे गेले २,६६०.

म्हणजे "रुपयाला दोन रुपये" मिळूनही तुम्ही तोट्यात आहात. ३० टक्के मार्जिनवर खर्च भरून निघायलाच रुपयामागे साधारण तीन रुपये तेहतीस पैसे विक्री यावी लागते. इथे त्यासाठी २२ ऑर्डर हव्या होत्या. हा आकडा जाहिरात देण्याआधी काढायचा असतो, नंतर नाही.

मग जाहिरात देऊच नये का? थांबा, पाचवी पायरी राहिली. त्या बारापैकी सहा जण वर्षभरात आणखी दोन-दोनदा आले, जाहिरात न दाखवता, तर बारा जास्तीच्या ऑर्डर, आणखी ३,२४० रुपये. एकूण ६,४८०. आता ५८० रुपये फायदा. म्हणजे त्या जाहिरातीचा निकाल जाहिरातीत लागतच नाही, तो दुसऱ्या पाकिटावर लागतो. गिऱ्हाईक परत येतं की नाही हे माहीत नसताना नवं गिऱ्हाईक विकत आणणं म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी भरणं.

अजून एक. बारा ऑर्डरवरून फार मोठे निष्कर्ष काढू नका. एका जाहिरातीला बारा आणि दुसरीला नऊ, म्हणून पहिली भारी, असं होत नाही. एवढा फरक नशिबानेही पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, फोटो किंवा मजकूर किंवा भाव, आणि दोन दिवसांत घाई करून बंद करू नका.

काउंटरवरची वही

आता मी सगळ्यात जुनं साधन सांगतो. माणूस रील बघतो, विसरतो, पंधरा दिवसांनी दुकानाचं नाव गुगलवर शोधतो आणि रविवारी बायकोला घेऊन दुकानात येतो. बहुतेक रिपोर्टमध्ये त्याचं श्रेय गुगलला जातं, रीलला शून्य. आणि तो रोख पैसे देऊन गेला तर कुठल्याच रिपोर्टमध्ये तो नाही.

म्हणून आमच्या काउंटरवर एक दोनशे पानी वही आहे. बिल करताना वडील सहज विचारतात, "कुठून कळलं आमचं?" आणि एक रेघ मारतात. रकाने पाचच: जुनं गिऱ्हाईक, कुणीतरी सांगितलं, रील, गुगल, येता-जाता दिसलं. गेल्या हंगामात आम्ही वही आणि लिंकांचे आकडे शेजारी ठेवून बघितले. रीलचा रकाना होता, पण बारका. सगळ्यात लांब रेघा "कुणीतरी सांगितलं" मध्ये होत्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पुण्यात राहणाऱ्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर आमचं स्टेटस पुढे पाठवलं होतं. कुठल्याही डॅशबोर्डवर हे दिसलं नसतं.

मग आम्ही पैसे लावायची जागा बदलली. बूस्टचे पैसे कमी केले आणि जुन्या गिऱ्हाइकांना पुढे पाठवता येईल असा एक स्वच्छ फोटो, भाव आणि ऑर्डरची लिंक देऊ लागलो. रील अजूनही करतो. पण त्याच्याकडून दुकानाची ओळख व्हावी एवढीच अपेक्षा ठेवतो. ऑर्डरची अपेक्षा लिंककडून.

नंबर गोळा करताना एक भान ठेवा. बिलासाठी दिलेला नंबर म्हणजे जाहिरात पाठवायची परवानगी नव्हे. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झालाय, त्याचा गाभाच संमती हा आहे. "हंगामात एक मेसेज पाठवला तर चालेल का?" एवढं विचारा. शिवाय साधी ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणजे विचारल्याशिवाय पाठवून तसाही फायदा नाही.

माल कशावर भरायचा?

आता परत त्या मिरचीकडे येतो. आमच्याकडे नियम ठरलाय. व्ह्यूजवर एक किलोही माल उचलायचा नाही. फेब्रुवारीत जुन्या गिऱ्हाइकांना नोंदणीची लिंक पाठवतो, शंभर रुपये आगाऊ घेऊन किलो लिहून घेतो. नोंदणी, त्यात गेल्या वर्षीच्या एप्रिलची काउंटरवरची विक्री, एवढ्यावर खरेदी ठरते. शंभर रुपये ही छोटी रक्कम आहे, पण लाइक आणि नोंदणी यांच्यात तेवढाच फरक असतो: एकात माणसाने खिशात हात घातलेला असतो. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे सात किलो ब्याडगी उरली. तिचं घरी वर्षाचं तिखट झालं.

या आठवड्याचं काम लिहून घ्या:

१. सगळ्या ठिकाणच्या लिंका वेगवेगळ्या करा. वेबसाइट असेल तर यूटीएम, नसेल तर व्हॉट्सॲपचा वेगवेगळा मेसेज.
२. तुमच्या सरासरी ऑर्डरवर हातात किती उरतात ते काढा, आणि पुढच्या जाहिरातीला किती ऑर्डर आल्या तर खर्च निघेल ते आधी लिहून ठेवा.
३. काउंटरवर वही ठेवा. पाच रकाने. आजपासून.

तिसरं सगळ्यात सोपं आहे आणि तेच सगळ्यात जास्त लोक करत नाहीत. महिनाभर रेघा मारा, मग बूस्टचं बटण दाबायचं की नाही ते वहीला विचारा.

पुढच्या व्हिडिओत पाचव्या पायरीबद्दल बोलू, गिऱ्हाईक परत कसं येतं. भेटूच!